मुंबईच्या हवेत घरचा पांढरा ब्रेड

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत लादीपाव विकतच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावर उभा राहणारा तो पाव भट्टीच्या कडक आचेवर काही मिनिटांत फुलतो, आणि ती आच घरच्या ओव्हनला येत नाही. शिवाय ताजा पाव कोपऱ्यावर मिळतो. सँडविचच्या पांढऱ्या ब्रेडचं तसं नाही. दूध, बटर, साखर घालून मळलेलं मऊ पीठ, पत्र्याच्या साच्यात, बेताच्या आचेवर भाजायचं. हे काम घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, छान होतं आणि दुकानातल्या ब्रेडपेक्षा सरस होतं. आज त्याविषयी बोलणार आहे.

हा ब्रेड कसा असावा, ते सँडविचवाल्याकडून शिकावं. फोर्टात दुपारी एखाद्या सँडविचवाल्यासमोर उभं राहून त्याचे हात पाहा. दोन स्लाइस घेतो, दोन्हींवर पार कडेपर्यंत बटर फासतो आणि मगच हिरवी चटणी लावतो. त्यावर उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा. बटर आधी लागतं ते नुसतं चवीसाठी नाही. त्या थरामुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये लगेच मुरत नाही. तरीही ब्रेडची भोकं मोठी असतील तर चटणी खालून बोटांना लागणारच. म्हणून आपला ब्रेड मऊ तर हवाच, पण त्याची जाळी बारीक आणि एकसारखी हवी.

आता मुंबईची खरी अडचण. ब्रेडच्या बहुतेक कृती थंड देशांतून आल्या आहेत. त्यात लिहिलेलं असतं, ‘पीठ उबदार जागी दीड तास ठेवा.’ मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात सहज ३३ अंश असतात. थंड घरात दीड तास घेणारं पीठ इथे पाऊण तासात दुप्पट होतं. घड्याळावर विसंबून ते तसंच ठेवलं, तर यीस्ट फार पुढे जातं, आंबूस वास येतो, आणि ओव्हनमध्ये गेल्यावर ब्रेड मधून बसतो. पुष्कळ जणींचा ब्रेड इथेच बिघडतो, आणि दोष मैद्याला किंवा ओव्हनला जातो. मळून झालेलं पीठ साधारण २५-२६ अंशांवर असावं. म्हणून उन्हाळ्यात दूध थेट फ्रिजमधलं घ्या. कोमट दूध जानेवारीच्या पहाटेपुरतं ठेवा.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर प्रमाण लिहून घ्या. मैदा एकूण ३०० ग्रॅम. दूध २०० ते २२० मिलिलीटर, तापवून गार केलेलं. साखर २० ग्रॅम, बटर ३० ग्रॅम, मीठ एक सपाट चमचा, बटर खारं असेल तर जरा कमी. इन्स्टंट यीस्ट एक सपाट चमचा. आणि ८ इंच लांब, ४ इंच रुंद साचा. साच्याआधी वजनकाटा घ्या, असा माझा आग्रह आहे. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला, यावर वजनात केवढा तरी फरक पडतो. दोन्ही वस्तू क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतात.

दूध तापवलेलं का? कच्च्या दुधाच्या निवळीत जी प्रथिनं असतात त्यांनी पीठ ढिलं पडतं आणि ब्रेड नीट चढत नाही. दूध उकळलं की तो त्रास जातो. आपल्या घरांत दूध आल्याबरोबर तापवलंच जातं, त्यामुळे हे काम आधीच झालेलं असतं.

आता मऊपणाचं मर्म. ३०० ग्रॅममधला २० ग्रॅम मैदा बाजूला काढा, १०० मिलिलीटर दुधात गुठळी न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते खिरीसारखं दाट होतं, चमच्याची रेघ उमटते. लगेच उतरवा आणि पूर्ण गार करा. पूर्व आशियात मऊ ब्रेडसाठी ही पद्धत सर्रास वापरतात. आपल्याला ती नवी वाटायला नको, कारण मोदकाची उकड काढताना आपण हेच करतो. साधारण ६५ अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च फुगतो आणि भरपूर पाणी धरून ठेवतो. ते पाणी भाजतानाही सगळं उडून जात नाही, म्हणून ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

उरलेलं दूध, साखर आणि यीस्ट एकत्र करा. इन्स्टंट यीस्ट खरं तर थेट मैद्यात घातलं तरी चालतं. पण आपल्या दमट हवेत उघडं पाकीट लवकर मरतं, तेव्हा पाकीट जुनं असेल तर दोन चमचे कोमट दुधात चिमूटभर साखर घालून त्याची परीक्षा घ्या. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते टाकून द्या. नवं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रीजरमध्ये ठेवा.

मैदा, गार झालेली खीर, दूध-यीस्ट एकत्र कालवा. पावसाळ्यात मैदा स्वतःच ओलावा धरून असतो, तेव्हा दोन चमचे दूध मागे ठेवा, लागलं तर घाला. कालवल्यावर अर्धा तास झाकून ठेवा, मग मीठ घालून मळायला घ्या. बटर शेवटी, थोडं थोडं. आधी घातलं तर ते पिठाभोवती चढतं आणि ताण धरायला वेळ लागतो.

पोळ्यांची सवय असलेल्या हातांना आता मोह होतो. पीठ चिकटतंय म्हणून आपण नकळत कोरडा मैदा भुरभुरतो. तसं करू नका. तिथेच ब्रेड घट्ट होतो. ओट्यावर पीठ आपटा, ताणा, दुमडा, पुन्हा आपटा. दहा-बारा मिनिटं तिंबलं की ते आपसूक हात सोडू लागतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणून खिडकीसमोर धरा. न फाटता इतका पातळ पडदा झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर मळणं झालं. कडा खरबरीत फाटल्या तर आणखी पाच मिनिटं.

मोठ्या कारखान्यांत हे काम वेगवान यंत्रं काही मिनिटांत उरकतात. ती पद्धत १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चोर्लीवूडच्या संशोधन केंद्रात निघाली. पिठाला जोर यावा म्हणून भारतात पूर्वी पोटॅशियम ब्रोमेटही चालत असे. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते परवानगीच्या यादीतून काढलं, आणि बरंच केलं. घरी तो जोर हात आणि वेळ यांतूनच येतो.

पीठ तेल लावलेल्या पातेल्यात झाकून ठेवा. दुप्पट झालं की बोट मैद्यात बुडवून मधोमध खुपसा. खड्डा तसाच राहिला तर तयार, चटकन भरून आला तर थांबा. संध्याकाळच्या लोकलने घरी पोचणाऱ्यांना याहून सोयीचा मार्ग आहे: रात्री मळा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पुढचं करा. चवही जास्त चांगली येते.

बारीक जाळीचं काम लाटण्याचं. पीठ दाबून हवा काढा, लांबट लाटा, बुडबुडे दिसतील ते फोडा, आणि घट्ट गुंडाळी करा. जोड खाली ठेवून बटर लावलेल्या साच्यात बसवा. पुन्हा फुगू द्या. मधला उंचवटा साच्याच्या काठावर बोटाच्या पेराएवढा आला, आणि बोटाने हलकंच दाबलेली खळी सावकाश भरून येऊ लागली, की भाजायला घ्या. ही वेळ उन्हाळ्यात फार लवकर येते, म्हणून ओटीजी आधीच १९० अंशांवर तापायला लावून ठेवा.

साचा खालच्या कप्प्यात, ३० ते ३५ मिनिटं. लहान ओटीजीत वरची कांडी जवळ असते, रंग लवकर चढतो. तसं झालं तर वर फॉइल ठेवा. ब्रेड काढून तळाशी टिचकी मारली की पोकळ आवाज यावा. लगेच साच्याबाहेर काढा, नाहीतर वाफ धरून तळ ओला होतो. वर बटर फिरवा, जाळीवर ठेवून पातळ फडकं टाका. कापायची घाई मुळीच नको. आतला स्टार्च गार होताना घट्ट बसतो. गरम ब्रेड कापला तर तो चिकट लागतो आणि स्लाइस चुरगळते. निदान दोन तास जाऊ द्या, आणि दातेरी सुरी करवतीसारखी, दाब न देता चालवा.

ठेवायचं कसं, हा प्रश्न नेहमी येतो. विकतच्या ब्रेडमध्ये बहुधा बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट असतं, आपल्यात नाही. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या ब्रेडवर तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दिसू शकतात. ठिपका खरवडून खाऊ नका, तो ब्रेड टाकाच. फ्रिजमध्ये ठेवावा, तर त्या थंडीत ब्रेड सर्वांत लवकर शिळा आणि कोरडा होतो. तेव्हा पहिल्या दिवशी लागेल तेवढा बाहेर, हवाबंद डब्यात ठेवा. बाकीच्या स्लाइस त्याच दिवशी पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका. सकाळी डब्यासाठी हव्या तेवढ्या काढा आणि तशाच गोठलेल्या तव्यावर किंवा टोस्टरमध्ये घाला. दोन्ही टोकांच्या जाड स्लाइस वाळवून मिक्सरमधून फिरवल्या की कटलेटला घोळवायला चुरा होतो.

नमस्कार.