चौथ्या दिवसाचं समाधान

(हौशी मत्स्यपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी बोलायला उभा राहायच्या आधीच तिघांनी मला मोबाइलवर फोटो दाखवले. मासे वेगवेगळे, ठिपके तेच, अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे. प्रश्नही तिघांचा एकच: ‘कुठलं औषध टाकू?’ सांगतो, पण थोडं थांबा. औषधाचं नाव कळून मासे वाचत असते, तर माझी पहिली टाकी रिकामी झाली नसती.

त्या टाकीत टेट्रा नावाचे छोटे मासे होते. एका सकाळी दोघांच्या शेपटीवर ठिपके दिसले. मी धावत जाऊन औषध आणलं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकलं. चौथ्या दिवशी मासे स्वच्छ! मी खूश. पाणी बदललं, फिल्टरमध्ये कोळसा परत घातला आणि भेटेल त्याला औषधाची तारीफ सांगत सुटलो. आठवडा संपायच्या आत सगळ्या टाकीवर ठिपके होते. मग घाबरून दुप्पट डोस टाकला. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यातले काही मासे रोगाने गेले, काही माझ्या हाताने. किती कोणाच्या खात्यावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

गंमत अशी की ते ठिपके चौथ्या दिवशी औषधाने गेलेच नव्हते. औषध टाकलं नसतं तरी गेले असते.

ठिपका म्हणजे एक जिवंत प्राणी आहे. एकाच पेशीचा, पण वाढून एक मिलिमीटरपर्यंत जाणारा, म्हणूनच नुसत्या डोळ्यांना दिसतो. १८७६ साली फूके या संशोधकाने त्याला नाव दिलं, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. जीभ अडखळते, म्हणून हौशी लोक नुसतं ‘इक’ म्हणतात. पण नावाचा अर्थ फार नेमका आहे. माशाची ऊ, तीही पुष्कळ लेकरांची. आपण तिला लेकुरवाळी ऊ म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखायला एक खूण पुरते. आत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक, आणि सगळा जीव जात्यासारखा सावकाश गरगरत असतो.

हे जातं माशाच्या कातडीवर बसलेलं नसतं, कातडीच्या बाह्यस्तराखाली असतं. तिथे ते माशाच्या पेशी खात मोठं होतं. वर त्वचेचं छप्पर असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की छप्पर फोडून ते बाहेर पडतं, थोडा वेळ पोहतं आणि वाळूवर, पानावर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजात, जिथे टेकेल तिथे चिकटून स्वतःभोवती चिकट कोष तयार करतं. या कोषातही औषध शिरत नाही. आत विभागणी सुरू होते. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट झालं की १०२४. प्रत्येक कोषातून इतकी निघतातच असं नाही, पण काही शे पिल्लं ही नेहमीची गोष्ट आहे. मग कोष फुटतो आणि ही सूक्ष्म पिल्लं मासा शोधायला सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

आता माझी टाकी आठवा. चौथ्या दिवशी ठिपके गेले, म्हणजे ऊ माशावरून उतरून वाळूत गेली होती. बाळंतपणाला म्हणा हवं तर. आणि नेमकं तेव्हाच मी कोळसा घालून पाण्यातलं औषध काढून टाकलं! औषधाची खरी वेळ तीच होती. पोहत्या पिल्लांचे ते एक-दोन दिवस एवढीच औषधाला उघडी असलेली खिडकी. औषध माशावरच्या ठिपक्यासाठी नसतं, पाण्यातल्या न दिसणाऱ्या पिल्लांसाठी असतं. ती सगळी एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. कोणी आज उतरतं, कोणी परवा. म्हणून शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार निदान आठवडाभर चालू ठेवायचा.

हे सगळं किती दिवसांत घडतं, ते तापमान ठरवतं. २५-२६ अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण आठवडाभरात, पुष्कळदा त्याहून लवकर पुरं होतं. १० अंशांच्या गार पाण्यात त्याला महिन्याहून जास्त लागतो. तेव्हा कुणी तुम्हाला ‘पाच दिवस औषध घाला’ असं छातीठोक सांगितलं, तर आधी विचारा, कुठल्या तापमानाला? गार पाण्यात पाच दिवसांत ऊ माशावरून उतरतसुद्धा नाही.

यातूनच हीटरची कल्पना आली. तापमान वाढवलं की चक्र वेगाने फिरतं, ऊ लवकर उघड्यावर येते. आणि ३० अंशांच्या आसपास बहुतेक वेळा तिची वाढच खुंटते. उष्ण पाण्यातले मासे असतील तर मी आधी इकडेच वळतो. पण हीटर एका झटक्यात ३० वर फिरवायचा नाही. दोन-दोन तासांनी एकेक अंश, आणि मग निदान दहा दिवस तिथेच ठेवायचं. उष्णता सोसणारेही काही वाण आढळले आहेत, त्यामुळे चार-पाच दिवसांनी फरक दिसला नाही तर हट्ट सोडा. गोल्डफिशसारख्या गार पाण्यातल्या माशांना मात्र हा प्रयोग करू नका. रोग जाईल, मासाही जाईल.

इथे एक गोष्ट फार लोक विसरतात. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. आकडा फार खाली गेला नाही असं वाटेल. पण ज्याचे कल्ले या उवेने आधीच पोखरले आहेत, त्या माशाला विचारा. ऊ कल्ल्यांतही घुसते, कधीकधी फक्त तिथेच. अंगावर एक ठिपका नाही, पण मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतोय, दगडांवर अंग घासतोय, पर मिटून कोपऱ्यात बसलाय. असा मासा ठिपका न दाखवताच जातो आणि आपण म्हणतो, ‘पाणी मानवलं नाही.’ तेव्हा उपचार कुठलाही करा, पहिलं काम हवेच्या पंपाचं.

मिठाकडे लोक उगाच कमीपणाने बघतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. कातडीला भोकं पडली की पाणी आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा दिवसरात्र ते पाणी उपसत बसतो. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ घातलं की हा ताण उतरतो आणि उवेच्या पिल्लांनाही ते पाणी मानवत नाही. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत घाला. नाजूक वनस्पती त्यात कोमेजतात आणि कॉरिडोरससारख्या कॅटफिशना जास्त मीठ सोसत नाही, तिथे हात आखडता घ्या. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, हेही ध्यानात असू द्या. आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घालत राहिलात तर प्रमाण चढतच जाईल.

आता बाटलीतली औषधं. बाजारातल्या बहुतेक बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मालिन किंवा दोन्ही असतात. मॅलाकाइट ग्रीन हा रंग आहे. नाव त्या हिरव्या खनिजावरून पडलं, पण त्यात ते खनिजही नाही आणि तांबंही नाही. पोहत्या पिल्लांवर ते भेदक चालतं. मात्र ते विषारी आहे आणि माशाच्या मांसात राहतं. म्हणूनच खाण्याच्या माशांसाठी युरोपीय संघात आणि अमेरिकेत त्याला परवानगी नाही. हातमोजे घाला. टाकीच्या सांध्यांतलं सिलिकॉन हिरवं झालं तर माझ्या नावाने बोटं मोडू नका. फॉर्मालिन पाण्यातला ऑक्सिजनही खातं, आणि गार जागी ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली वापरायची नाही, तो साका माशांना जास्त घातक असतो. तांब्याची औषधं मी स्वतः टाळतो. मऊ पाण्यात त्यांचा डोस आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं राहतं, आणि टाकीतली कोळंबी नि गोगलगाई तर हमखास जातात.

डोस चुकतो तो लिटरच्या हिशेबात. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच अशी टाकी घ्या. तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की ६४.८ लिटर येतात. पण पाणी काठोकाठ नसतं, तळाशी वाळू आहे, दगड आहेत. प्रत्यक्षात ५५ लिटर भरतील. ६५ चा डोस ५५ ला टाकला की आपण नकळत जवळपास वीस टक्के जास्त विष घातलं. लोच किंवा खवले नसलेले मासे असतील तर मी अर्ध्या डोसनेच सुरुवात करतो.

आणि सायफन, म्हणजे नळीने तळाचं पाणी ओढून काढणं! रोज तळाची वाळू ढवळून पाव-एक पाणी काढा. वाळूत बसलेले कोष पाण्याबरोबर बाहेर जातात. औषध न वापरता नुसत्या सायफनने आणि मिठाने टाकी सावरलेली मी पाहिली आहे. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी सांगत नाही. काढलेल्या पाण्यामागे तेवढंच औषध पुन्हा घालायचं आणि नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. रोगी माशाला गार पाण्याचा झटका बसला तर दुखण्यात भर पडते.

इथे मागून एक प्रश्न आला: ‘हा जंतू प्रत्येक टाकीत असतोच ना, फक्त मासा अशक्त झाला की उठतो?’ हे सगळीकडे ऐकू येतं, पण खरं नाही. माशाशिवाय त्याला जगता येत नाही आणि वर्षानुवर्षं झोपून राहणारं बीज त्याच्याकडे नाही. तो बाहेरून येतो. नव्या माशावर, ओल्या जाळीवर, दुसऱ्या टाकीतल्या वनस्पतीवर कोष होऊन. समज कशामुळे पसरला तेही सांगतो. एकदा रोगातून वाचलेला मासा बऱ्यापैकी प्रतिकारक्षम होतो. त्याच्या कल्ल्यांत एखाददुसरी ऊ गुपचूप नांदते, वर काही दिसत नाही. पाणी अचानक गार झालं किंवा नवा, कोरा मासा टाकीत आला की तिला संधी मिळते. मग नव्यावर ठिपके उठतात, जुने स्वच्छ, आणि दोष दुकानदाराला.

म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, त्याची जाळीही वेगळी. तिथलं पाणी गार असेल तर मुदत वाढवा.

औषध टाकायच्या आधी ठिपका नीट बघाही. सोनेरी भुकटी उडाल्यासारखं दिसत असेल आणि तिरक्या टॉर्चमध्ये चमकत असेल, तर तो वेल्व्हेट, वेगळा परजीवी. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ असेल तर लिम्फोसिस्टिस, तो विषाणू, त्याला हे औषध घालून उपयोग नाही. आणि नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर नि पुढच्या परांच्या कडेला नीटनेटके पांढरे दाणे दिसले, तर तो वयात आलाय. एका गृहस्थांनी अशा धडधाकट नराला आठवडाभर औषधात ठेवलं होतं. बिचारा विणीच्या तयारीत होता!

शेवटचा प्रश्न पहिल्या रांगेतून. सगळे मासे गेले, आता वाळू, झाडं, फिल्टर फेकून द्यायचं का? नाही. काहीच फेकू नका. हीटर २८ वर ठेवा, फिल्टर चालू ठेवा, त्यातल्या उपयोगी जिवाणूंसाठी चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि दोन आठवडे एकही मासा सोडू नका. कोष फुटतील, पिल्लं निघतील, मासा शोधतील. टाकीत मासा नसेल.