घड्याळाला पडली २०१ मतं

नमस्कार श्रोतेहो, कसे आहात. आज निवडणुकीवर बोलू पण आपल्या इथल्या नाही. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत पवार विरुद्ध पवार झालं ते सगळ्यांनी डोळे फाडून बघितलं, पण दोन्ही राष्ट्रवादींची गाठ अरबी समुद्रात पण पडली होती, ती फार कुणाच्या लक्षातच आली नाही. लक्षद्वीप!

तिथे मोहम्मद फैजल २०१४ ला आणि २०१९ ला घड्याळावर निवडून आले होते, २०१९ ला मतं २२,८५१. मग पक्ष फुटला, फैजल शरद पवारांसोबत राहिले, पक्षाचं नाव आणि घड्याळ अजितदादांकडे गेलं, दादांच्या पक्षाने तिथे वेगळा माणूस उभा केला, भाजपने आपला उमेदवार न देता त्यालाच पाठिंबा दिला, आणि निकाल लागला तर घड्याळाला मतं किती, २०१! फैजलना घड्याळ नसताना २३,०७९ म्हणजे आधीपेक्षा थोडी जास्तच. तरी पडले ते, काँग्रेसच्या हमदुल्ला सईदांकडून, २,६४७ मतांनी.

आता हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल पण तिथे ही भरपूर लीड आहे. देशातला मतदारसंख्येने सगळ्यात छोटा लोकसभा मतदारसंघ हा, ५७-५८ हजार मतदार, आपल्या मुंबईत एखाद्या नगरसेवकाच्या वॉर्डात जवळपास तेवढे असतात. २०१९ ला फैजल ८२३ नी आले होते. आणि २००४ चं तर विचारूच नका.

२००४ समजायला थोडं मागे जावं लागेल. १९६७ पर्यंत इथला खासदार दिल्लीहून नेमला जायचा, लोकांनी मत देऊन निवडला तो पहिल्यांदा १९६७ ला, आणि निवडला कोण तर पंचविशीतला एक अपक्ष पोरगा, पी. एम. सईद. तो जो बसला तो हललाच नाही, सलग दहा वेळा खासदार, पुढे काँग्रेसमध्ये गेले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. आणि २००४ ला काँग्रेस दिल्लीत सत्तेवर आली तेव्हाच हे घरी पडले, ७१ मतांनी. ७१! एखाद्या मोठ्या घरातली भावकी रुसली तरी एवढी मतं जातात. पाच वर्षांनी त्यांच्याच मुलाने सीट परत आणली, तेच हे हमदुल्ला. त्यामुळे मला तरी वाटतं तिथे लोक चिन्ह बघतच नाहीत, माणूस बघतात, घराणं बघतात, कोण आपल्या बेटावरचा आणि कोण कुणाचा जावई ते बघतात. आपल्याकडे पण बघतात म्हणा, पण आपल्याकडे निदान झाकतात.

बरं मतदान एवढं का होतं, २०२४ ला ८४ टक्के झालं, तर त्याला कारण आहे. लक्षद्वीपला विधानसभाच नाही. आमदार नाही, मुख्यमंत्री नाही, केंद्राने नेमलेला प्रशासक सगळं चालवतो. जिल्हा पंचायतीचं म्हणाल तर २०२१ मध्ये शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, मासेमारी ही खाती तिच्याकडून काढून घेतली. मग उरला कोण, एकटा खासदार. आणि तोही नसला तर? २०२३ च्या जानेवारीत फैजलना एका केसमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, लगेच खासदारकी गेली, आयोगाने पोटनिवडणूक पण लावून टाकली, मग हायकोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली, पोटनिवडणूक थांबली, पण खासदारकी परत मिळाली ती मार्चच्या शेवटी. म्हणजे मधले अडीच महिने अख्ख्या लक्षद्वीपचं दिल्लीत निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये परत तेच नाटक.

आणि प्रचारात मुद्दा काय असतो? बोट. कोचीहून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटर लांब, विमानतळ एकट्या अगत्तीला, त्यामुळे मोठं ऑपरेशन असो, कॉलेज असो की लग्नाची खरेदी, बोटीचं तिकीट मिळालं तर जाणार. कितीतरी बेटांवर मोठं जहाज आत येतच नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं, मग खाली छोटी होडी लागते आणि हलत्या जहाजाच्या दारातून हलत्या होडीत म्हातारी माणसं, लहान पोरं, पेशंट सगळ्यांना हात धरून उतरवायचं, पावसाळ्यात तर विचार करा. तिथे उमेदवाराला पहिला प्रश्न हाच, जहाजं कधी वाढणार, आणि पाच वर्षांनी परत हाच.

एकूण बेटं ३६, माणसं राहतात १० वर, त्यातलं सगळ्यात छोटं बित्रा. २०११ च्या जनगणनेत २७१ माणसं, तरी मतदान केंद्र लागतंच, मशीन आणि कर्मचारी पाणी ओलांडून जातातच. याच बित्राबद्दल जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने नोटिफिकेशन काढलं की संरक्षणासाठी हे बेट पूर्ण ताब्यात घ्यायचा विचार आहे, त्यासाठी आधी सामाजिक परिणामांचा सर्व्हे होईल. लोक चिडले, खासदार हमदुल्लांनी विरोध केला. विधानसभा असती तर तिथे प्रश्न आला असता, आमदार ओरडले असते, आता ओरडायला त्यांचा एकच माणूस, आणि तो ५४३ खासदारांत एक.