प्रदर्शनासाठी डेलिया

श्रोतेहो, नमस्कार.

पुष्पप्रदर्शनात डेलियाच्या टेबलापाशी लोकांची गर्दी होते ती ताटाएवढ्या फुलाभोवती. पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी मात्र पुष्कळदा शेजारच्या, मध्यम आकाराच्या तीन फुलांच्या फुलदाणीवर लागलेली असते. यात परीक्षकांचा पक्षपात नसतो. एक प्रचंड फूल दैवयोगानेही मिळू शकते, परंतु एकाच दिवशी एकाच आकाराची, एकाच रंगछटेची आणि सारखीच उमललेली तीन फुले मिळवायची असतील, तर त्यांची तयारी काही आठवडे आधी कळ्यांपासूनच करावी लागते.

डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७९१ मध्ये माद्रिदच्या काव्हानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्वीडनच्या आंडर्स दाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असल्यामुळे बियांपासून उगवणारे प्रत्येक रोप वेगळेच निघते; म्हणून आवडलेली जात टिकवायची तर कंद किंवा छाटकलम यांनाच पर्याय नाही. कंद निवडताना त्याच्या जाडीवर भाळू नये. डोळा असतो तो कंदाच्या मानेवर, जुन्या खोडाला लागून, आणि तो तुकडा तुटून गेला असेल तर कितीही गलेलठ्ठ कंद मातीत नुसता पडून राहतो.

लागवड पाण्याचा निचरा होणाऱ्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या जागी करावी आणि आधाराची काठी कंदासोबतच रोवावी, कारण नंतर ठोकलेली काठी नेमकी कंदातून आरपार जाते. पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडावा. नत्रयुक्त खताचा हात आखडता ठेवावा, नाहीतर पाने माजतात आणि देठ लुसलुशीत होऊन फुलाचा भार पेलत नाहीत.

खरे कसब आहे ते कळ्या खुडण्यात. फांदीच्या टोकाशी मधली एक कळी आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान कळ्या येतात. या बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या होताच बोटाने अलगद मोडून काढाव्यात, आणि त्याखालच्या पानांच्या बेचक्यांतून फुटणारे कोंबही काढावेत, म्हणजे देठ लांब व सरळ होतो. नवख्या माणसाचा हात इथे धजावत नाही. तिथून पूर्ण फूल व्हायला मोठ्या जातींना साधारण महिना लागतो. तेव्हा प्रदर्शनाची तारीख समोर ठेवून, उलटे मोजूनच कोणत्या फांदीवरची कळी राखायची ते ठरवावे.

कापलेला डेलिया पुढे फारसा उमलत नाही, त्यामुळे फूल पूर्ण भरल्यावरच, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कापावे आणि लगेच खोल पाण्यात ठेवावे. परंतु उशीरही चालत नाही. दुहेरी, म्हणजे पाकळ्यांच्या अनेक थरांच्या, फुलाच्या मध्यभागी पिवळे केसर दिसू लागले की त्याचे गुण गेलेच. परीक्षक फूल उलटवून मागच्या पाकळ्याही पाहतात. तिथे एखादी तपकिरी पडलेली असली तर समोरून देखणे दिसणारे फूल मागे पडते. पाँपॉन या लहान, चेंडूसारख्या गोल फुलांच्या प्रकारात तर सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे कडे फुलावरून घालून पाहतात आणि त्यातून न जाणारे फूल, मग ते कितीही गोल गरगरीत असो, सरळ बाद होते. मला हा नियम कठोर वाटत नाही, कारण लहानपणा हाच त्या प्रकाराचा बाणा आहे. तीन फुलांच्या गटात हौसेने चौथे ठेवणाऱ्यांचीही तीच गत होते, म्हणून नियमपत्रिका टेबलापाशी नव्हे, घरीच वाचावी.

प्रदर्शन आटोपल्यावर चांगल्या झाडांना जातीच्या नावाच्या पट्ट्या बांधाव्यात. ज्या झाडाच्या पानांच्या शिरांलगत फिकट पिवळे पट्टे दिसतात आणि वाढ खुंटलेली असते, ते विषाणूग्रस्त असण्याची शक्यता मोठी. अशा झाडाचा कंद पुढच्या हंगामासाठी ठेवू नये, त्याच्या फुलाने यंदा बक्षीस मिळवलेले असले तरीही. मावा तो विषाणू शेजारच्या झाडांवर नेतो.