पन्नासची लेन्स आणि आपली सपरी

(वडसा-देसाईगंज भागातल्या एका गावी, वाचनालयाच्या सभागृहात तरुण छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत झूमची किट लेन्स आली, आता एक फिक्स (झूम न होणारी) लेन्स घ्यायची आहे, कोणती घेऊ? असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पोरांच्या मनात उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं: पन्नास, एक पॉइंट आठ. म्हणजे 50 मिलिमीटरची, 1.8 पर्यंत तोंड उघडणारी लेन्स; हा दुसरा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. दुकानदार तीच दाखवतो, व्हिडिओंमध्ये तीच सांगतात, शिवाय ती स्वस्तात मिळते. लेन्स चांगली आहे, याबद्दल वाद नाही. कॅननची आरएफ 50 फक्त 160 ग्रॅमची आहे. पण आपल्या गावात, आपल्या घरांत काम करणाऱ्याने पहिली फिक्स लेन्स म्हणून ती डोळे मिटून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण नीट समजून घेऊ.

पन्नासला ‘नॉर्मल’ म्हणायची रीत फिल्मच्या काळातली आहे. 1925 साली जर्मनीतल्या लाइत्स कंपनीने लायका कॅमेरा बाजारात आणला. त्यात 35 मिलिमीटरची सिनेमाची फिल्म वापरत, फोटोची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची होती आणि पुढे लेन्स 50 ची होती. त्या चौकटीचा कर्ण 43 मिलिमीटर भरतो. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, कर्णाच्या आसपास असली की फोटो ना फार पसरलेला वाटतो, ना फार ओढलेला. आता फिल्मच्या जागी उजेड टिपणारा सेन्सर असतो, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात एपीएस-सी, म्हणजे त्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आहे. त्या सेन्सरचा कर्ण 27-28 मिलिमीटरच असतो. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची ‘नॉर्मल’ लेन्स 28 च्या आसपासची. त्यावर 50 लावली की ती फुल फ्रेमवरच्या (36 बाय 24 च्या सेन्सरवरच्या) 75 सारखी दिसते, आणि कॅननवर 80 सारखी, कारण कॅननचा सेन्सर थोडा आणखी लहान आहे.

याचा कामाच्या जागी काय परिणाम होतो? एक हिशेब लक्षात ठेवा. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी 23.5 मिलिमीटर असते. म्हणून 24 ची लेन्स लावून आडवा फोटो काढला, तर तुम्ही जितके फूट लांब उभे असाल, साधारण तितकेच फूट रुंद चौकटीत मावतं. 35 ची लावली तर त्याच्या दोन तृतीयांश मावतं, आणि 50 ची लावली तर निम्म्याहूनही थोडं कमी.

आता हा हिशेब घेऊन सपरीत, म्हणजे घराच्या पडवीत चला. नवरीला हळद लागते आहे. पाटावर ती, बाजूला आई, दोन मामी, करवली, पायाशी लहान पोरं. मागे भिंत, पुढे लाकडी खांब, वर कवेलू. तुम्हाला मागे सरकायला फार तर आठ फूट. 50 च्या चौकटीत पावणेचार फूट येणार, म्हणजे नवरी आणि हळद लावणारा एक हात. मामी कापली गेली, पोरं कापली गेली. अंगणात उतरून काढू म्हणाल तर मधे खांब येतो आणि बघायला आलेल्या बायांची गर्दी. तिथेच 24 ची लेन्स असली तर आठ फूट चौकट मिळते, सगळं घर त्यात येतं. चार दिवसांनी फोटो बघताना त्या घरची माणसं नवरीच्या आधी हेच शोधतात की मामी कुठे आहे, आजी कुठे आहे. माझ्या लेखी हळदीचा फोटो त्या सगळ्यांचा असतो.

म्हणून घरातलं लग्न, बारसं, तान्हा पोळा, रोवण्याच्या (भातलावणीच्या) बांधीतली, म्हणजे शेतातली माणसं असं काम असेल, तर 23 ते 28 च्या दरम्यान लेन्स शोधा. निकॉनची झेड डीएक्स 24 मिलिमीटर 1.7 आहे, वजन 135 ग्रॅम. फुजीची 27 मिलिमीटर 2.8 तर 84 ग्रॅमची आहे, कॅमेऱ्यावर लावली आहे हे हाताला जाणवतही नाही. कॅननची आरएफ 28 मिलिमीटर 2.8 ही 120 ग्रॅमची. सोनीवाल्यांना 35 मिलिमीटर 1.8 चालेल, जागा थोडी कमी पडते, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय आहे.

आता आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्री. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू होते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात, आणि होळीपर्यंत या भागात गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. कलाकार, संगीत मंडळी, पडदे रंगवणारे, सगळ्यांना चांगले फोटो हवे असतात आणि त्यांचे फोटो निघणं फार गरजेचं आहे. इथे किट लेन्स हात टेकते. झूम करून 50 कडे नेली की तिचं तोंड 5.6 किंवा 6.3 पर्यंत आवळतं. 1.8 ची लेन्स 5.6 च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेते. त्याच आयएसओला (सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या क्षमतेला) जिथे किट लेन्स शटर 1/30 सेकंदावर आणते आणि नाचणारीचा हात हलून जातो, तिथे 1.8 वर 1/250 सहज मिळतं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, नाचणारीचा नाही, हे विसरू नका.

आणि इथे मी 50 च्या बाजूने बोलतो. रंगमंचापासून वीस फुटांवर, पहिल्या रांगेच्या कडेला बसलात, तर 50 ची चौकट साडेनऊ फूट होते. दोन पात्रांचा प्रवेश त्यात नेमका बसतो. तुमचं मुख्य काम नाटकाचं असेल तर 50 खुशाल घ्या. मात्र एकट्या कलाकाराचा चेहरा पाच फुटांवरून 1.8 वर काढाल, तर स्पष्ट पट्टा जेमतेम अडीच इंचांचा मिळतो. मान वळलेली असली की जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा पुसट. अशा वेळी लेन्सचं तोंड 2.8 पर्यंत लहान करा.

मंचावर आता एलईडी दिवे आले. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर ठेवा, आणि तरीही पट्टे आले तर 1/100 वर या.

लेन्स लहान असण्याचा आणखी एक फायदा सांगतो. मोटारसायकलवर पाठीला पिशवी लावून जाणाऱ्याला वजन कळतंच. पण बांधीत रोवणा करणाऱ्या बायांसमोर लांबलचक लेन्स रोखली की त्या आवरून, पदर सारखा करून उभ्या राहतात. लहान लेन्स असली की पाच मिनिटांत तुम्हाला विसरून गाण्याला लागतात.

विकत घेण्याआधी किट लेन्सची झूमची रिंग 24 वर करून चिकटपट्टी लावा आणि एक अख्खा कार्यक्रम तसाच काढा. पुढचा 35 वर. अडलात कुठे, ते तुमचं तुम्हाला कळेल.

पैसे नसतील तर तालुक्याच्या जुन्या स्टुडिओत विचारा. फिल्म कॅमेऱ्याची 50 कपाटात पडलेली असते. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरचं अंतर कमी असतं: निकॉन झेडमध्ये 16 मिलिमीटर, जुन्या निकॉनमध्ये 46.5. मधल्या जागेत अॅडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स चालते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो. घेताना तोंड पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. धानाच्या पट्ट्यातला पावसाळा लेन्सला मानवत नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शाखा दिसल्या तर ती बुरशी आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नका. स्वतःची लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत कोंडू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि मधून मधून काढून वापरा.