तीन रिकामी भोकं

(काळा पडदा. एक बारीक, कोरडी टिकटिक. हळूहळू उजेड.)

सदाशिव पेठेतला वाडा उतरवला, त्या जागी सोसायटी उभी राहिली. वाड्यातलं फार थोडं सामान वर फ्लॅटमध्ये आलं. त्यातलं सगळ्यात उंच हे. शिसवी लाकडाचं, साडेसहा फुटांचं, जमिनीवर उभं राहणारं टोल्यांचं घड्याळ.

तबकडी जवळून पाहा. आकड्यांच्या आत तीन भोकं आहेत, किल्ली घालायची. आज त्यांतून पलीकडचा अंधार दिसतो.

(मागची फळी निघते.)

तबकडीच्या मागे ही आहे. काडेपेटीहून जरा मोठी, काळी प्लास्टिकची डबी. पोटात एक पेन्सिल सेल. आतला क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत एकावर आणते आणि काटा एक घर पुढे सरकतो. वेळ अगदी बरोबर दाखवते. पण खाली बघा. लंबक नाही, वजनं नाहीत. सगळा उभा खण मोकळा, तळाशी धूळ.

असं कितीतरी घरांत झालंय. जुनं मशीन अडतं. दुरुस्तीला दिलं की सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सांगतात, आणि अर्ध्या तासात सेलचं मशीन बसवून मिळतं. काढलेलं मशीन पितळेच्या भावानं भंगारात जातं. लाकडाला मात्र आपण दर दिवाळीला पॉलिश करतो.

हे घड्याळ एवढं उंच का, हे आधी सांगायला हवं.

१६५६ साली हॉलंडमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांनी घड्याळाला लंबक जोडला. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव पाव तास चुकायची. लंबकानं ती चूक काही सेकंदांवर आणली. पण सुरुवातीचे लंबक आखूड असायचे आणि फार रुंद झुलायचे. लांब लंबक तसा झुलवायचा, तर पेटी कपाटाएवढी रुंद करावी लागली असती. मग १६७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये अँकर आला. लंबकाच्या झोक्याबरोबर चाकाचा एकेक दात सोडणारा, जहाजाच्या नांगरासारखा दिसणारा हा पोलादी तुकडा. याच्यामुळे लंबकाचा झोका चार-सहा अंशांवर आला. आता लंबक हवा तेवढा लांब करता येत होता आणि पेटी अरुंद ठेवता येत होती.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला बरोबर एक सेकंद लागावा, तर लंबक ९९.४ सेंटिमीटर लागतो. त्यावर तबकडी आणि मशीन. शिवाय आठवडाभर सावकाश खाली उतरणाऱ्या वजनांना तेवढीच उंची. सुताराला माप द्यायचं, ते लंबक आणि वजनं. या खोलीत उभी आहे ती शिसवी पेटी त्या मापाची आहे. डबीला एवढं घर कशाला लागतंय?

(हातांचं दृश्य. ट्रेसिंग पेपर.)

डबी काढून पुन्हा किल्लीचं मशीन बसवायचं ठरलंय. हे हात ज्यांचे आहेत, ते काका चाळीस वर्षं घड्याळं उघडत आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी घरच्यांना एकच अट घातली: तबकडीला नवीन भोक पाडणार नाही. मशीन तबकडीला जुळलं पाहिजे, तबकडी मशीनला नाही. म्हणून ती उतरवून कागदावर ठेवली. मधल्या काट्याच्या भोकापासून किल्लीच्या तिन्ही भोकांची अंतरं, मिलिमीटरपर्यंत. मग तबकडीची जाडी, कारण काटे ज्यावर बसतात ती नळी तेवढी पुढे यायला हवी. मग मशीन ज्यावर बसतं त्या लाकडी पाटाची खोली. पाटावर जुन्या बोल्टांची भोकं अजून आहेत. या मापांचा कागद घेऊन त्यांनी मशीन शोधलं. जर्मन बनावटीचं, नवं कोरं, वजनं तारेवर लटकणारं, एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालणारं.

लंबक आणि वजनं घरातच निघाली. माळ्यावर, तांब्याच्या घंगाळामागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. दोनच. तिसरं वजन गॅलरीच्या दाराला टेकण म्हणून रोज सगळ्यांच्या पायांत येत होतं.

(वजनकाटा.)

तिन्ही सारखी दिसतात. काट्यावर ठेवली की फरक कळतो. सर्वांत जड वजन उजवीकडे, कारण पाव तासाची धून त्याच्या जोरावर वाजते. मधलं वेळ चालवतं. डावीकडचं तासाचे टोले देतं. ही अदलाबदल झाली की धून मध्येच अडते, आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं.

(खोकं उघडतं.)

काकांनी सुती हातमोजे घातलेत. पितळेवर बोटाचा ठसा राहिला तर महिन्याभरात तिथे काळा डाग येतो. तीन पिंपांवर तारा गुंडाळलेल्या आहेत आणि त्यांवर फोमचे तुकडे दाबून बसवले आहेत. ते आत्ताच काढायचे नाहीत. वजन लटकवून तार ताणली गेल्यावरच काढायचे, नाहीतर तार पिंपावरून उसळते आणि वेढे एकमेकांवर चढतात. हातोड्यांची रांगही बांधून आलीय. ती सुटेपर्यंत कुणी काट्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी खोलीतल्या लहान मुलांनाही बजावलं.

आधी पाट. पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. फरशी सरळ आहे, घड्याळाचा एक पाय झिजलाय. पत्त्याचा कॅट आणायला सांगितला, त्यातली दोन पानं दुमडून पायाखाली. बुडबुडा मध्ये.

मग मशीन पाटावर. मग तबकडी समोरून.

(जवळून: तबकडी मशीनवर सरकते. आवाज बंद.)

डावं भोक. मधलं. उजवं. तिन्ही चौकोनी दांडे एकाच वेळी बाहेर आले.

आता सळ्या, हातोड्या ज्यांवर आपटून स्वर वाजतात त्या. या पेटीतच राहिल्या होत्या, सेलचं मशीन बसवणाऱ्यानं त्यांना हात लावला नव्हता. हातोडी सळीपासून साधारण तीन मिलिमीटर दूर थांबली पाहिजे. टेकून राहिली तर आवाज भणभणतो, फार लांब असली तर पोचत नाही. सळी वाकवायची नाही, मुळाशी तुटते. हातोडीची तार वाकवायची, केसाएवढी. काका एकेक हातोडी बोटानं उचलतात, सोडतात, कान लावतात.

(चार स्वर, एकेक करून.)

ही धून १७९३ साली केंब्रिजच्या एका चर्चसाठी बांधली गेली. १८५९मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या मनोऱ्यावर ती चढली आणि तिथून घराघरांतल्या घड्याळांत उतरली. पाव तासाला चार स्वर, अर्ध्याला आठ, पाऊणला बारा, तासाला सोळा आणि मग टोले. १८७८ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या घंटाही पाव पाव तासाला वाजतात. फोर्टमध्ये नोकरी केलेल्या माणसाला या घरात पाव तास ऐकू आला, तर तो एकदम मान वर करेल.

वजनं लागली. किल्ली फिरली, फोमचे तुकडे निघाले. लंबक अडकवला आणि बोटानं बाजूला घेऊन सोडला.

ऐका.

(टिक... टक. टिक... टक.)

हे लंगडतंय. एक पाऊल लांब, एक आखूड. असंच ठेवलं तर घड्याळ दोन तासांत थांबतं. लंबकाला ढकलणारी मागची दांडी काका किंचित डावीकडे दाबतात. डोळे मिटलेले. हे डोळ्यांनी करायचं कामच नाही.

(टिक, टक. टिक, टक.)

लंबकाच्या गोळ्याखाली एक चाकी आहे. ती फिरवून गोळा वर घेतला की घड्याळ पुढे पळतं, खाली सोडला की मागे पडतं. मीटरभर लंबकात एका मिलिमीटरला दिवसाचे ४३ सेकंद. उन्हाळ्यात तापमान दहा अंशांनी चढलं की पोलादी दांडी लांबते आणि घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. पुण्याचा वैशाख या घड्याळाला कळणार. डबीला तो कळत नव्हता.

खर्च बराच झाला, मशीन यायला दीड महिना लागला, दर रविवारी किल्ली द्यावी लागेल, आठवड्याला मिनिटभर मागेपुढे होईल. रात्री टोले बंद ठेवायची कळ आहे.

ज्यांच्या घरात उभं घड्याळ अडून पडलंय, त्यांना एवढंच सांगायचंय: सेलचं मशीन बसवायचंच असेल तर बसवा, पण काढलेलं मशीन परत मागून घ्या. लंबक, वजनं, किल्ली, स्क्रूसुद्धा. एका डब्यात भरून माळ्यावर ठेवा. या घरात जुनं मशीन डब्यात असतं, तर त्याच्या घासलेल्या छिद्रांत नवी बुशिंग, म्हणजे बारीक पितळी कड्या, बसवून तेच परत चाललं असतं, आणि नवं मागवावंच लागलं नसतं.

(संध्याकाळ. खोलीत दिवा.)

पाच वाजता धून चुकली. तासाच्या जागी पाव तासाची वाजली. काकांनी काट्याला हात लावला नाही. मशीन स्वतःला एका तासात जुळवून घेतं, म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. चहा आला.

सहाला दोन मिनिटं आहेत. आजी उठतात. रस्त्याकडची खिडकी लावून घेतात. पंखा बंद करतात.

(सोळा स्वर. सहा टोले. निवेदन नाही.)