आपली शाया

(काळा पडदा. फक्त आवाज. ट्रकचं इंजिन, मधूनच हॉर्न, मग एक माणूस.)

"काय रे भो... बठ्ठा कोठे शेतस रे? वयखं का माले?"

रात्री पावणेबाराला हा आवाज आमच्या ग्रुपवर येऊन पडला. नंबर कुणाकडेच सेव्ह नव्हता, डीपीला मारुतीचा फोटो. ह्याला ग्रुपवर घेतलं कुणी, हेही कुणाला आठवेना. तिघांनी एकामागोमाग विचारलं, "आपण कोण?" सकाळपर्यंत उत्तर नाही.

ग्रुपचं नाव तेव्हा 'आपली शाळा, दहावी १९९४' असं होतं. अगदी शुद्ध.

(दृश्य: उसाच्या रसाची गाडी, एसटी स्टँड, शाळेचं फाटक. पाटीवरचं नाव दिसू नये.)

शाळा पाचोरा तालुक्यातली. नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याविषयी थोडं वाकडं बोलायचं आहे. आसपासच्या खेड्यांतली पोरं तिथे यायची. कुणी सायकलवर डबलसीट, कुणी पायी, आणि काही जण पीजेनं. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. छप्पन्न किलोमीटरचा रस्ता ती असा काही कापायची की चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून परत चढता येतं, असं पोरं छातीठोक सांगायची. 'पीजे लेट होती सर' या वाक्यावर आमच्या वर्गात शिक्षा नव्हती. ज्यांचं गाव त्या रुळांच्या आसपासही नव्हतं, तेसुद्धा हे वाक्य वापरायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती गाडी थांबली. ग्रुपवर त्या दिवशी कुणी वारल्यासारखे हात जोडलेले पडले.

वर्गात पाटील एवढे, की हजेरी घेताना सर आडनावापुढे गावाचं नाव लावायचे. ग्रुप सुरू झाल्यावर तोच घोळ पुन्हा झाला. फोनमध्ये पाटील एक, पाटील दोन, पाटील पुणे, पाटील सुरत. खानदेशातून सुरतेला गेलेली घरं किती, हे भुसावळहून सुटणाऱ्या कुठल्याही सुरत पॅसेंजरमध्ये उभं राहिलं की कळतं. आमच्यातलेही काही त्याच गाडीनं गेले ते तिकडचेच झाले.

पहिली दोन वर्षं ग्रुपवर शहरातलेच होते. नोकरीवाले, आयटीवाले, एक तहसीलमधला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मग गावातले फोन एकेक करून पेटत गेले. मुलींचे नंबर मिळवणं मात्र वेगळंच प्रकरण होतं. आडनावं बदललेली, गावं बदललेली, काहींचा फोन म्हणजे मुलाचाच फोन. शेवटी कामाला आली आखाजी. अक्षय्य तृतीयेला खानदेशातली लेक माहेरी येणार, लिंबाला झोका बांधला जाणार, हे ठरलेलंच. आमच्या मॉनिटरनं (तीही आता आजी आहे) त्या चार दिवसांत गल्ली-गल्ली फिरून वहीत नंबर उतरवून घेतले. वहीच्या कोपऱ्यात तिनं अजूनही 'उपस्थित' आणि 'अनुपस्थित' असे रकाने पाडले होते. सवय.

मग व्हायचं ते झालं. सकाळी फुलं, संध्याकाळी सुविचार, निवडणुकीत भांडण, दोघं बाहेर, दोघं परत आत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांच्या ग्रुपवर हेच चालतं.

सांगण्यासारखं आहे ते फोटोचं.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर फोटो. बोटांनी मोठा होत जातो.)

निरोप समारंभाचा फोटो. खुर्च्यांवर शिक्षक, पुढे सतरंजीवर मुली, मागे बाकांवर उभी मुलं, त्यांच्या मागे कडुनिंब. कुणीतरी तो भिंतीवरच्या फ्रेमसकट फोनमध्ये घेतला. फ्रेम खाली काढायचा कंटाळा, वर फ्लॅश चालू. काचेवर उजेडाचा एक पांढरा गोळा उमटला आणि तो नेमका मागच्या रांगेत डावीकडून चौथ्या मुलाच्या तोंडावर बसला.

बाकी सगळे ओळखले गेले. चौथा कोण? दिसतो तो फक्त खांदा. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं, घरात सापडलं ते लावलेलं. एक हात शेजारच्याच्या खांद्यावर. शेजारचा म्हणाला, "हात कुणाचा ते मला काय माहीत, तीस वर्षं झाली." चार दिवस नावं सुचवली गेली. एकानं तर ठामपणे सांगितलं, की तो मीच. त्याला दुसऱ्या रांगेतला त्याचाच चेहरा दाखवावा लागला.

पाचव्या दिवशी मारुतीच्या डीपीवरून पुन्हा आवाज आला.

"तो मीच शे रे भो. चौथा."

आणि मला एकदम ओळख पटली. चेहऱ्यावरून नाही, 'शे' वरूनही नाही. त्यानं पुढे एक वाक्य म्हटलं होतं, "शायाना फोटू मन्हाकडे नही." त्यातल्या 'शाया' वरून.

(दृश्य: रिकामा वर्ग. फळ्यावर खडूनं एकच अक्षर: ळ.)

नववीतला मराठीचा तास. सरांनी त्याला उभं केलं. "म्हण, फळा." तो म्हणाला, "फया." "म्हण, काळा." "काया." सर चिडत चालले होते, तरी शांतपणे म्हणाले, "बाळ. म्हण, बाळ." आणि तो घामाघूम होऊन म्हणाला, "बाय."

वर्ग फुटला. मी सगळ्यात जोरात हसलो. माझ्या घरात आई 'डोयात काजय' म्हणायची आणि मी त्या दिवशी बाक वाजवून हसलो. दुसऱ्या दिवशी तो ळ शंभर वेळा लिहून आला. अक्षर सुंदर होतं. लिहिताना त्याला कधीच अडचण नव्हती. पण त्यानंतर त्यानं वर्गात वाचायला हात वर केल्याचं मला आठवत नाही.

ळ चा य करणं ही काही त्याची एकट्याची खोड नव्हती. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची अहिराणी घ्या, जामनेर-भुसावळकडची तावडी घ्या, रावेर-यावलकडची लेवा बोली घ्या. एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या, पण ळ आला की तिन्हींची जीभ य कडे वळते. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीच्या खंडात न ठेवता १९०७ च्या भिली भाषांच्या खंडात ठेवली. बरोबर की चूक, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आमच्या वर्गात तो वाद एका 'बाय' मध्ये मिटवला गेला.

गंमत पुढेच आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर त्यांच्या कविता छापून आल्या आणि थेट शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसल्या. त्यांच्या ओळीत ऊन वाऱ्याशी 'खेयता' असतं. खेळता नाही, खेयता. त्यांच्या कविता आम्ही चालीवर म्हणायचो, सरांचा कंठ दाटून यायचा. बहिणाबाईंचा य छापील होता. त्याचा तोंडी होता, एवढाच फरक.

(दृश्य: अंगण, तुळस, वेताची खुर्ची.)

सरांना भेटायला गेलो. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. ळ विषयी विचारू की नको, असं करत शेवटी विचारलंच. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या पहिल्या मुलाखतीत मी 'काया' म्हणालो होतो. समोरचे तिघं हसले. ती नोकरी गेली. तुमची जाऊ नये म्हणून मी ते करत होतो." थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही हसायला नको होतं."

आम्ही मान खाली घातली. कॅमेरा बंद झाला असं समजून सर आतल्या बाजूला वळून काकूंना म्हणाले, "चहा ठेव ना वं, पोऱ्या येल शेतस." तो तुकडा आम्ही ठेवलाय. त्यांची परवानगी घेऊनच.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायला होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हातानं लिहून एक दैनिक काढायचे. छात्रालय दैनिक. मुलं सकाळी उठून ते वाचायची. ग्रुपवर हे कुणीतरी टाकलं, तेव्हा एकीनं लिहिलं, "म्हणजे गुरुजी पहिले ॲडमिन." गुरुजींनी सकाळी फुलं मात्र पाठवली नसती, एवढं नक्की.

तर तो चौथा. तो आता केळीची गाडी चालवतो. रावेरहून माल भरायचा आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत नेऊन उतरवायचा. फोनवर टाइप करत नाही. "लिखासाठे गाडी थांबाडनी पडस," म्हणतो, आणि हे खरंच आहे, पण एवढंच कारण नसावं. तो बोलतो. दोन-दोन मिनिटांचे आवाज पाठवतो. धाब्यावरचे, टोलनाक्यावरचे, टायर पंक्चर झालेलं असतानाचे. आठवणी त्याच्याइतक्या कुणाकडे नाहीत. कुठल्या सरांच्या सायकलीची घंटी कशी वाजायची, पीजे वळणावर कितीदा शिट्टी द्यायची, मधल्या सुट्टीत कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा कुणाच्या डब्यात असायचा, सगळं. वर्गात तो बोलत नव्हता. ऐकत होता, हे आता कळतं.

आणि झालं असं, की त्याच्यामागे बाकीचेही बोलू लागले. पुण्यातला मॅनेजर ऑफिसच्या जिन्यात उभा राहून अहिराणीत बोलतो. सुरतवाला अर्धी गुजराती मिसळतो. ज्या मुलीनं वर्षभर फक्त नमस्कार पाठवले होते, तिनं एके दिवशी गौराईचं अख्खं गाणं म्हणून पाठवलं. पापड लाटता लाटता, मागे पोळपाटाचा आवाज. अहिराणी लिहायची म्हटली की प्रत्येकाचं अक्षर अडतं, कशी लिहायची ते कुणी शिकवलेलंच नाही. बोलायला मात्र कुणाला शिकावं लागलं नाही.

एके रात्री कुणीतरी ग्रुपचं नाव बदलून 'आपली शाया' करून टाकलं. कुणी, ते फोननं खाली लगेच सांगितलंच. माझंच नाव आलं.

(दृश्य: शाळेचं मैदान. गोवऱ्यांचा धूर. मोठ्या पातेल्यात वरण.)

हिवाळ्यात एक रविवार ठरला. जेवणाला वरण-बट्टी, आणि वांगी भरिताची, काट्यांवर भाजलेली. आधी वर्गात बसायचं ठरलं. बाक तेच, पण गुडघे आत मावेनात. सरांना आणलं होतं. त्यांनी जुन्या पद्धतीनं, गावाचं नाव घेत हजेरी घेतली. चौथ्याचं गाव आलं. तो राजस्थानात, कोट्याच्या पुढे कुठेतरी होता. त्यानं आवाज पाठवायचं कबूल केलं होतं, मॉनिटरनं फोन स्पीकरला जोडून ठेवला होता. आम्ही थांबलो. सर थांबले. काही आलं नाही. रेंज नसेल. सरांनी पुढचं नाव घेतलं.

दोन तासांनी, पंगत उठता उठता, स्पीकर आपोआप वाजला. इंजिन, हॉर्न, आणि मग तो:

"बट्टी संपनी का रे? माले ठेवज्यात."