आधी पान बघा, मग शिक्का

मंडळी, क्यूबाच्या नकली सिगारांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेटीच्या शिक्क्यावरचा होलोग्राम खरा की खोटा, हे कसं ओळखायचं? गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाशी भांडतो आहे. तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. छापलेलं पुन्हा छापता येतं. छापायचे कष्ट नको असतील तर अस्सल पण रिकाम्या पेट्या विकत मिळतात, त्यात वाटेल ते भरता येतं. नक्कल करणाऱ्याला सहसा जमत नाही ते हाताचं काम. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी पान, मग पेटी, मग शिक्का. सिगार ओढावा की नाही हा आजचा विषय नाही. तब्येतीला तो वाईटच, त्यात दुमत नाही. पण जो पैसे मोजतो त्याला खरा माल मिळावा, आणि ज्याने तो वळला त्याच्या नावावर भलत्याने कमाई करू नये, एवढं माझं म्हणणं.

हाताचं काम म्हणजे काय, ते बघू. पिनार देल रिओ प्रांतातल्या व्वेल्ता आबाहो भागातलं पान यासाठी सगळ्यात नावाजलेलं. आत भरायची पानं ती त्रिपा, त्यांना आवळून धरणारं कापोते, आणि सगळ्यात वरचं, कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवलेलं तुकतुकीत पान ते कापा. वळणाऱ्याला म्हणतात तोर्सेदोर. तो त्रिपाची पानं एकावर एक ठेवून नुसती गुंडाळत नाही. साडीच्या निऱ्या धराव्यात तसं एकेक पान चुणत हातात घेतो, म्हणजे चुण्यांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेला वाट राहते. सावकाश जळणारं, जाड लिहेरो पान बरोबर मधोमध. पेटवायच्या टोकाकडून निरखून बघितलं तर या चुण्या दिसतात. दुसऱ्या टोकाला, म्हणजे डोक्याला, कापाच्याच पानाची टोपी असते. ती फिरवून फिरवून बसवलेली, त्यामुळे उजेडात धरली की एकाखाली एक बारीक कडा दिसतात. इतर देशांतले चांगले कारागीरही अशी टोपी बसवतात, तेव्हा ती दिसली म्हणजे सिगार क्यूबाचाच असं नाही. पण ती नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

आता एक किस्सा सांगतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझे एक स्नेही क्यूबातल्या व्हारादेरोच्या किनाऱ्यावरून कोहिबा एस्प्लेंदिदोसची, म्हणजे कोहिबा या ब्रँडच्या एका लांब सिगाराची, पंचवीसची पेटी घेऊन आले, 80 डॉलरला. पेटीला काचेचं झाकण. मी म्हटलं, कोहिबा अशा काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाही. ते म्हणाले, 'अहो, पण शिक्का बघा!' शिक्का खरंच उत्तम होता. हिरवा-पांढरा, चकचकीत, मला तरी त्यात खोट सापडली नाही. मग आम्ही पेटी उघडली. सिगारांवरच्या ब्रँडच्या कागदी पट्ट्या वरखाली सरकलेल्या, दोन तर उलट्या. एक सिगार तांबूस, शेजारचा जवळजवळ काळा, त्याच्या शेजारचा हिरवट. बोटाने दाबलं तर मध्ये कडक गाठ आणि टोकाला पोकळ. शेवटी सुरी घेतली आणि त्यांच्या परवानगीने एक उभा चिरला. आतून चुरा सांडला. झाडलोटीत निघावा तसला कातरलेला पाला, त्यात काडीएवढ्या जाड शिरा, आणि अखंड पान एकही नाही. स्नेही तो चुरा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते, आणि तरीही म्हणाले, 'पण शिक्का तर खरा आहे ना?' या शिक्क्याच्या मोहावर माझा राग आहे. माणसावर नाही.

त्यांना जी गोष्ट सांगितली गेली, ती हवानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. कॅपितोलिओ या जुन्या संसद भवनाच्या आसपास कोणीतरी गोड बोलून सोबत चालू लागतो. माझा चुलतभाऊ कारखान्यात आहे, तो म्हणतो. कामगारांना पगाराऐवजी सिगार मिळतात. आज सहकारी संस्थेच्या विक्रीचा दिवस आहे, आजच स्वस्त, उद्या बंद. आणि मग एका घराच्या माडीवर, पलंगाखालून, सीलबंद पेट्या निघतात.

आता तुम्हीच सांगा, चुलतभाऊ खरोखर कारखान्यात असला तरी त्याच्या हातून सीलबंद पेटी घरी कशी येईल? विचार करा. कामगारांना रोज ओढायला थोडे सिगार मिळतात, हे खरं. ते बिनपट्टीचे बाहेर येतात, हेही खरं. पण तोर्सेदोर फक्त वळतो. त्याचे सिगार पन्नासाच्या जुड्या बांधून पुढे जातात. तिथे वजन, लांबी, जाडी तपासली जाते, धूर ओढला जातो की नाही ते बघितलं जातं. मग दुसरी माणसं रंगाप्रमाणे निवड करतात, तिसरी माणसं पट्ट्या चढवतात, आणि पेटी बंद होऊन शिक्का लागतो तो आणखी पुढे. ही साखळी एकट्या चुलतभावाला खिशात घालून आणता येत नाही. गोष्ट इथेच मोडते, पेटी उघडण्याआधीच.

कारखान्याचा विषय निघालाच आहे तर लेक्तोरबद्दल, म्हणजे तिथल्या वाचून दाखवणाऱ्याबद्दल, बोलू द्या. वळणारे कामगार दिवसभर बसलेले, हात गुंतलेले, कान मोकळे. 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याला पैसे कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. वर्तमानपत्र, मग कादंबरी. सरकारला धास्ती वाटली आणि पुढच्याच वर्षी बंदी आली. पण प्रथा मेली नाही, आजही कारखान्यांत वाचन चालतं. मॉन्टेक्रिस्टो या ब्रँडचं नावसुद्धा अशाच वाचल्या जाणाऱ्या एका कादंबरीवरून पडलं, असं सांगतात. कादंबरी ऐकत ऐकत वळलेल्या सिगाराच्या नावाखाली कोणी झाडलोटीचा पाला विकतो, तेव्हा मला फसवणुकीच्या रकमेपेक्षा ते जास्त लागतं.

आयोजकांची दुसरी चिठ्ठी आली आहे. पेटी आणि शिक्का यांच्याबद्दल बोलायचं मी कबूल केलं होतं, ते आता भराभर घेतो.

पेटी उघडल्यावर सगळे सिगार एका रंगछटेचे दिसले पाहिजेत. फरक असलाच तर डावीकडे किंचित गडद, उजवीकडे किंचित फिका. पट्ट्या एका रेषेत, तोंडं वर. माप घ्या: एस्प्लेंदिदोस 178 मिलिमीटर लांब आणि 47 जाडीचा, मॉन्टेक्रिस्टो क्रमांक 2 हा 156 आणि 52. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पट्टी छापणारा बऱ्याचदा माप घ्यायला विसरतो.

पेटी उलटी करा. तळाला तापल्या ठशाने डागलेलं हवं: आबानोस एस. ए. हे क्यूबाचे सिगार विकणाऱ्या कंपनीचं नाव, एचो एन कुबा म्हणजे क्यूबात बनवलेलं, तोतालमेंते आ मानो म्हणजे पूर्णपणे हाताने. शेजारी शाईत कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो. जानेवारीला एने, एप्रिलला आब्र, ऑगस्टला आगो, डिसेंबरला दिक. इंग्रजी महिना दिसला की पेटी खाली ठेवा. आणि तारखा एकमेकींशी जुळवा. आबानोस एस. ए. ही कंपनी 1994 ची, 'तोतालमेंते आ मानो' 1989 पासूनचं, कोहिबाचा सिग्लो सहा 2002 मध्ये आला, कोहिबाचेच बेहिके 52, 54, 56 हे 2010 मध्ये आणि दहाच्या पेटीत. 1999 चा सिग्लो सहा किंवा पंचवीसची बेहिके पेटी कोणी दाखवली तर त्याला इतिहास माहीत नाही.

आता शिक्का. हिरवा-पांढरा हमीचा कागद पेटीच्या डाव्या बाजूला, हल्लीच्या पेट्यांवर होलोग्राम आणि बारकोडसह. वर उजव्या कोपऱ्यात तिरकी 'आबानोस' पट्टी. बारकोडचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो, जरूर तपासा. पण नंबर जुळला म्हणजे शिक्का खरा, एवढंच कळतं. आतल्या मालाबद्दल तो बोलत नाही, म्हणून पेटी उघडायचीच. ला कासा देल आबानो या अधिकृत दुकानांत गिऱ्हाइकाने पेटी उघडून बघण्यात काही वावगं मानत नाहीत. पावती घ्या, क्यूबातून निघताना मोठी खरेदी असेल तर कस्टम ती मागतं. किमतीबद्दल एकच सांगतो: 2022 मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे भाव जगभर एका वरच्या पातळीवर नेले गेले. त्यामुळे आता स्वस्त कोहिबा म्हणून कोणी काही पुढे केलं तर तपासायलाही बसू नका.

वेळ संपली. दाराजवळच्या टेबलावर मी दोन सिगार उभे चिरून ठेवले आहेत, एक खरा, एक खोटा. कुठला कुठला ते लिहिलेलं नाही. जाताना हातात घेऊन बघा आणि मला सांगा.